मोडायचं की नांगे भरायचे?

जून २०२५ ची गोष्ट. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने असा धिंगाणा घातला होता, की आमच्या फलटणकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांनी भर उन्हाळ्यात ओढे भरून वाहताना पाहिले. रानाला वापसा येईना. ज्यांनी घाई करून मका टोकली त्यांची निम्मी उगवली, निम्मी पाण्याखाली कुजली. संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो तर तिथे एकाच वेळी दोन वाद रंगलेले. एका बाजूला चार शेतकरी मका मोडायची की ठेवायची यावर हमरीतुमरीवर आलेले. दुसऱ्या बाजूला पोरे मोबाईलवर हॉकीचा निकाल बघून हळहळत होती. आपल्या महिला संघाने युरोपात आणखी एक सामना गमावला होता.

एक पोरगा तावातावाने म्हणाला, "ह्या टीमचं काय खरं नाही. सगळी बदला आणि नव्या पोरी घ्या!" त्यावर कॅन धुणारे एक जुने शेतकरी मान वर न करताच बोलले, "आरं, मोडायच्या आधी सरी धरून चालून बघ की. किती झाडं उभी हायत ते तरी मोज."

मंडळी, तेवढ्या एका वाक्यावर आजचा हा लेख उभा आहे. आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर हॉकी कशाला? बाजारभाव, खताची टंचाई, विजेचे भारनियमन हे विषय संपले का? संपलेले नाहीत. पण या हॉकीत आपल्या जिल्ह्याच्या पोरी आहेत. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताच्या मधल्या फळीत खेळते. ऋतुजा पिसाळ आघाडीला खेळते. वाखरीची अक्षता ढेकळे बचावफळीत खेळून गेली. तेव्हा "सगळी टीम बदला" असे आपण डेअरीवर बसून म्हणतो, तेव्हा त्यात शेजारच्या घरची लेकसुद्धा येते, एवढे ध्यानात ठेवा. शिवाय हंगामाच्या मधोमध मोडायचे की निभवायचे, हा प्रश्न शेतकऱ्याइतका दुसऱ्या कुणालाच कळणार नाही.

आधी हिशेब समजून घेऊ

ज्यांना हॉकीचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगातल्या निवडक ९ संघांची प्रो लीग नावाची स्पर्धा असते. प्रत्येक संघ इतर ८ संघांशी दोन-दोन, म्हणजे एकूण १६ सामने खेळतो. जिंकले तर ३ गुण. बरोबरी झाली तर शूटआउट, त्यात जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १. जो शेवटी राहील तो या पंगतीतून उठतो आणि खालच्या नेशन्स कपच्या पंगतीत बसतो. तिथे जो पहिला येतो त्याला वरचे आवतण मिळते.

२०२४-२५ च्या हंगामात आपल्या महिला संघाची सुरुवात एवढी वाईट नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी नेदरलँडसारख्या जगज्जेत्या संघाला २-२ असे रोखले आणि शूटआउटमध्ये हरवलेसुद्धा. पण जूनमध्ये युरोपात गेल्यावर गाडे असे रुतले की तिथे एक सामना जिंकता आला नाही. शेवटी ९ संघांत नववा नंबर आणि खालच्या पंगतीत रवानगी.

त्याच महिन्यात पुरुषांचा संघही युरोपात होता. तोही लागोपाठ ७ सामने हरला. ऑलिंपिकचे पदक गळ्यात घालून वर्षसुद्धा झाले नव्हते, आणि लोकांनी त्यांनाही मोडीत काढायला सुरुवात केली.

दोन्ही संघांपुढे प्रश्न एकच होता. सप्टेंबरमध्ये आशिया कप. तो जिंकणाऱ्याला २०२६ च्या विश्वचषकाचे थेट तिकीट. मधे दोन-अडीच महिने. अशा वेळी आहे तोच संघ घेऊन झुंजायचे, की ह्या हंगामावर पाणी सोडून नवी पेरणी करायची?

नांगा किती आणि मूळ जिवंत आहे का?

पीक मोडण्याआधी शहाणा शेतकरी तीन गोष्टी बघतो. पहिली, झाडे किती उभी आहेत. दुसरी, जी उभी आहेत त्यांचे मूळ पांढरे आहे की कुजले आहे. तिसरी, हंगामाचे किती दिवस हातात आहेत. बांधावरून रान पिवळे दिसते म्हणून कुणी नांगर घालत नाही. आत शिरतो, चार ठिकाणी ताटे उपटून बघतो, मग ठरवतो.

हीच तीन मापे पुरुष संघाला लावून बघा. नेदरलँडशी १-२ आणि २-३. अर्जेंटिनाशी ३-४ आणि १-२. ऑस्ट्रेलियाशी २-३ आणि २-३. म्हणजे ७ पैकी ६ पराभव एकेका गोलाचे! फक्त बेल्जियमने ६-३ असे मोठे हरवले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच बेल्जियमला आपण ४-३ ने पाडले. हे रान बांधावरून पिवळे दिसत होते, पण मूळ पांढरे होते. पाण्याचा ताण बसला होता, पीक मेले नव्हते. अशा रानात नांगर घालणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे नुकसान करून घेणे. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांनी घातला नाही. हरमनप्रीत सिंग कर्णधार राहिला, मुख्य खेळाडू तेच राहिले. ७ सप्टेंबर २०२५ ला बिहारमधल्या राजगीरला ह्याच संघाने कोरियाला ४-१ ने हरवून आशिया कप जिंकला. २०१७ नंतर पहिल्यांदा. विश्वचषकाचे तिकीटही मिळाले.

जूनमध्ये जो कुणी म्हणत होता की मोडा, त्याने सप्टेंबरमध्ये पेढा मात्र खाल्ला. असो. आपल्या लोकांची ती रीतच आहे.

आता महिला संघाचे माप. इथे मामला वेगळा होता. काही सामने थोडक्यात गेले हे खरे, पण काही फरकाने गेले. नांगे जास्त होते. टोकियो ऑलिंपिक गाजवणाऱ्या पोरींपैकी राणी रामपालने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि वंदना कटारियाने एप्रिल २०२५ मध्ये निवृत्ती घेतली होती. जुनी सोंगे उतरली होती आणि नवी पुरती चढली नव्हती. तरी मूळ कुजले होते का? सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथे आशिया कपमध्ये त्यांनी कोरियाला ४-२ ने हरवले, जपानशी दोनदा बरोबरी केली आणि अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तिथे चीनकडून १-४ अशी हार झाली, रुपेरी पदकावर समाधान मानावे लागले आणि थेट तिकीट हुकले. म्हणजे पीक आले, पण उतारा कमी पडला. याला मोडीत काढण्याजोगे पीक म्हणत नाहीत. नांगे वेळेवर न भरलेले पीक म्हणतात.

रिओ ते टोकियो

नांगे भरणे म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगायला हवे. ऊस लावताना जाणता शेतकरी दहा-पाच टक्के रोपे जादा तयार ठेवतो, पिशवीत नाहीतर सरीच्या कडेला. जिथे डोळा फुटला नाही तिथे तेच रोप लावतो. त्याच वयाचे, त्याच वाणाचे. मग ते रोप मागे पडत नाही. पण दोन महिने आळस केला आणि मग नांगा भरायला गेलात तर शेजारचा ऊस कमरेला लागलेला असतो. नवे रोप त्याच्या सावलीत पिवळे पडते आणि मरते. दोष रोपाचा नसतो, तारखेचा असतो.

आपल्या महिला हॉकीने हे एकदा फार चांगले करून दाखवले आहे. १९८० साली मॉस्कोला महिला संघ चौथा आला. त्यानंतर ऑलिंपिकचे तोंड बघायला थेट २०१६ उजाडले. ३६ वर्षे! रिओला गेला तो संघ १२ संघांत बारावा आला. त्या दिवशीही लोक म्हणाले, मोडा हे सगळे.

कुणी मोडले नाही. रिओत शेवटच्या आलेल्या त्या संघातल्या राणी, सविता पुनिया, वंदना, दीप ग्रेस एक्का, सुशीला चानू, मोनिका, निक्की प्रधान ह्या सातजणी ५ वर्षांनी टोकियोत पुन्हा उभ्या होत्या. मधल्या काळात त्यांच्या शेजारी एकेक नवे रोप लावले गेले. सलीमा टेटे, लालरेमसियामी, नेहा, गुरजीत कौर, शर्मिला. जुनीच्या ओलाव्यात नवी वाढली.

आणि टोकियोत काय झाले? २०२१ मध्ये तिथे पहिले तीनही सामने आपण हरलो. नेदरलँडकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. स्पर्धेच्या ऐन मधोमध, तीन सामन्यांत ११ गोल खाल्लेले! प्रशिक्षक शोर्ड मारीने यांनी काय करायला हवे होते? "यंदाचे राहू द्या, पुढच्या ऑलिंपिकची तयारी करू" असे म्हणायला हवे होते? तसे म्हटले असते तर पुढचे काही घडलेच नसते. आयर्लंडला १-० ने हरवले. दक्षिण आफ्रिकेला ४-३ ने हरवले, त्यात वंदनाचे तीन गोल. आणि उपांत्यपूर्व फेरीत गुरजीतच्या एका गोलावर ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले. पुढे अर्जेंटिनाशी १-२ आणि ब्राँझच्या सामन्यात ब्रिटनशी ३-४ अशी हार झाली, पण चौथ्या नंबरच्या त्या संघासाठी अख्खा देश पहाटे उठून बसला होता.

सांगायचा मुद्दा एवढाच, की चौथ्या नंबरचा पाया बाराव्या नंबरवरच घातला गेला. आणि तो जुने उपटून नव्हे, जुन्याच्या शेजारी नवे लावून.

पुरुष संघाचेही तेच. २००८ साली हा संघ ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. २०१२ ला लंडनमध्ये शेवटचा आला. २०२१ ला टोकियोत ब्राँझ आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा ब्राँझ. पॅरिसच्या १६ जणांच्या संघात ११ जण टोकियोचे होते आणि ५ जण पहिल्यांदा ऑलिंपिक खेळणारे. अकरा जुने, पाच नवे. हे प्रमाण नीट ध्यानात धरा. ह्यालाच मी नांगे भरणे म्हणतो.

दुसरी बाजूही ऐका

पण एकाच बाजूने बोलणे बरे नव्हे. मोडा म्हणणाऱ्यांचेही म्हणणे अगदीच खोटे नसते.

ते म्हणतात, हरणाऱ्या पिकाला खत-पाणी घालत बसलात तर पुढच्या हंगामाचे पैसेही त्यातच जातात. खरे आहे. खोडव्यात निम्मे नांगे असताना "असू दे, तेवढाच ऊस" म्हणून जो दोन वर्षे ओढतो तो कर्जात जातो, हे आपण गावोगाव पाहिले आहे. लागण करायची हिंमत नसते म्हणून खोडवा, खोडव्यानंतर निडवा. डाळिंबाच्या बागेत तेल्या घट्ट बसल्यावर फवारण्यांवर फवारण्या करणाऱ्यांचेही हेच होते. माया असते, पण माया म्हणजे व्यवहार नव्हे.

संघाचेही तसे होते. नावाजलेला खेळाडू, जुनी पुण्याई, त्याला बसवायचे कसे, ह्या भिडेपोटी वर्ष वर्ष जाते. मग एके दिवशी चार जुनी एकदम बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी ज्यांना उभे करायचे त्यांनी मोठा सामना कधी खेळलेलाच नसतो. महिला संघाचे टोकियोनंतर थोडेफार असेच झाले असे माझे मत आहे. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला घरच्या मैदानावर ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात जर्मनीने शूटआउटमध्ये हरवले आणि शेवटच्या संधीच्या सामन्यात जपानने १-० ने. पॅरिसचे दार बंद झाले. तेव्हापासून जी मोडतोड सुरू झाली ती घाईची होती, ठरवून केलेली नव्हती.

म्हणून मी असे म्हणत नाही की बदल नको. मी म्हणतो, बदलाला तारीख असते.

कारभारी किती वेळा बदलायचा?

आपल्याकडे संघ हरला की पहिली कुऱ्हाड प्रशिक्षकावर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मे २०१८ मध्ये तर अशी कमाल झाली की पुरुषांचे प्रशिक्षक मारीने महिलांकडे पाठवले आणि महिलांचे हरेंद्र सिंग पुरुषांकडे आणले. वर्ष संपण्याआधीच पुरुष संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि जानेवारी २०१९ मध्ये हरेंद्र सिंग यांनाही जावे लागले. आता सांगा, ज्या गड्याला नांगर धरून आठ महिने झाले त्याला तुम्ही सुगीचा हिशेब विचारणार?

महिला संघाकडे बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये यानेके शोपमन यांनी राजीनामा दिला. एप्रिल २०२४ मध्ये हरेंद्र सिंग आले. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी पद सोडले. जानेवारी २०२६ मध्ये तेच मारीने पुन्हा आले, ज्यांनी टोकियो गाजवले होते. दोन वर्षांत तीन कारभारी. प्रत्येक कारभाऱ्याची पेरणीची पद्धत निराळी. एक म्हणतो दाट पेरा, दुसरा म्हणतो विरळणी करा. पोरींनी कुणाचे ऐकायचे?

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वर-राउरकेलाच्या विश्वचषकात पुरुष संघ नववा आला. स्पर्धा संपल्यावर ग्रॅहम रीड यांनी पद सोडले, मग फुल्टन आले. बदल झाला, पण हंगाम संपल्यावर झाला. नव्या माणसाला पुढच्या हंगामाची मशागत करायला दीड वर्ष मिळाले आणि पॅरिसला पदक आले. कारभारी बदलायचाच असेल तर पाडव्याला बदलावा, पोळ्याला नाही.

माझे मत

आता कुणी म्हणेल, गोल गोल फिरू नका, मत सांगा. सांगतो.

हंगामाच्या मधोमध पूर्ण संघ मोडणे चूक आहे. पण सगळेच सामने जिंकायच्या नादात जुन्यांनाच दामटत राहणे हीसुद्धा चूक आहे. विहिरीत एकाच पाळीचे पाणी उरले असेल आणि पाच एकर रान वाळत असेल तर शहाणा माणूस काय करतो? पाचही एकरांना थोडे थोडे शिंपडत नाही. ज्या दोन एकरांवर घर चालणार आहे ती भिजवतो आणि तीन एकरांचे नुकसान डोळे उघडे ठेवून सोसतो. मोडून टाकत नाही, पण जिवापाड पाणीही देत नाही.

हॉकीतही तेच करायला हवे. जून महिन्यात ज्या दिवशी कळले की ह्या लीगमध्ये वरचा नंबर आता येत नाही, त्या दिवसापासून उरलेल्या सामन्यांत निम्म्या वेळेला नव्या पोरी उतरवायच्या. हॉकीत हवे तितक्या वेळा खेळाडू बदलता येतो, एकदा बाहेर गेलेली पुन्हा आत येते. तेव्हा जुनीच्या जोडीला नवी उतरवणे ह्या खेळात अवघड नाही. जुनीला पूर्ण बसवायचे नाही, तिच्या शेजारी नवीला उभे करायचे. आणि ज्या स्पर्धेवर विश्वचषक ठरतो तिथे पूर्ण ताकद लावायची, पाणी राखायचे नाही.

मात्र एक इशारा. "हरलो तर हरलो, आम्ही पुढची तयारी करतोय" हे वाक्य फार गोड असते. त्या वाक्याआड आळस लपतो. वरच्या पंगतीतून खाली आले की मोठ्या संघांशी खेळायची संधी जाते. महिला संघ डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमध्ये नेशन्स कप जिंकून कष्टाने वर आला होता. ती कमाई गेली. जागा जाते एका हंगामात, परत मिळवायला किती हंगाम लागतील ते कुणी सांगू शकत नाही. तेव्हा हार पत्करायचीच तर तिच्या बदल्यात काय मिळाले, ह्याची पावती दाखवता आली पाहिजे. किती नव्या पोरींना किती सामने मिळाले? त्यातल्या किती टिकल्या? पावती नसेल तर ती पुनर्बांधणी नव्हे, नुसती पडीक जमीन आहे.

रोपवाटिका कुठे आहे?

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि इथे मी सरपंच, सदस्य, ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब आणि शाळेचे मास्तर ह्यांना उद्देशून बोलतोय.

नांगे भरायला रोपे लागतात. ती राष्ट्रीय संघात तयार होत नाहीत. तिथे फक्त लावणी होते. रोपवाटिका गावात असते. झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात सलीमा टेटेचे गाव आहे. तिथे पोरी बांबूची काठी घेऊन हॉकी शिकतात आणि त्यातली एक २०२४ मध्ये भारताची कर्णधार होते. ओडिशा सरकारने २०१८ पासून भारताच्या दोन्ही संघांचा खर्च उचलला. नुसता वर वर्षाव केला नाही, सुंदरगड जिल्ह्यात गटा-गटांत कृत्रिम हिरवळीची मैदाने करण्याचे काम हाती घेतले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि मातीवर वाढलेला आपला संघ त्या वर्षी सातवा आला, ही गोष्ट त्यांनी लक्षात ठेवली. जमीनच बदलली तर जुन्या बियाण्याला दोष देऊन काय उपयोग?

आपल्याकडे काय? वैष्णवी आणि अक्षता ह्या दोघी २०२२ च्या ज्युनियर विश्वचषकात चौथ्या आलेल्या संघात एकत्र खेळल्या. एका तालुक्यातल्या दोन पोरी देशाच्या एका संघात! अशी उगवण कुठल्याही तालुक्याला अभिमान वाटावा अशी आहे. पण त्यांना पुढचे शिक्षण घ्यायला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. ज्यांच्या आईबापांनी हिंमत करून पोरगी बाहेर पाठवली तिचे नाव झाले. ज्यांची हिंमत झाली नाही त्यांची पोरगी कुठल्या चुलीपुढे आहे, ह्याचा हिशेब कुणी ठेवला आहे का?

गावचा विकास आराखडा करताना गटार, पेव्हर ब्लॉक, सभामंडप, हायमास्ट दिवा ह्या गोष्टी हमखास येतात. मैदान येते का? गायरानाचा एक तुकडा सपाट करून, दगड वेचून, रोलर फिरवून द्यायला कितीसा खर्च येतो? सायंकाळी पोरींना मैदानावरून घरी सोडायची जबाबदारी कुणी घेतली तर निम्म्या आयांची काळजी मिटते. काठी आणि चेंडू ह्यांचा खर्च एका जत्रेच्या तमाशाच्या सुपारीपुढे काहीच नाही. मी तमाशाच्या विरोधात नाही. पण दोन्ही होऊ शकते, एवढेच म्हणतो.

आणि मास्तर, तुम्हाला एक विनंती. तालुक्याच्या स्पर्धेत शाळेचा संघ पहिल्या फेरीत हरला म्हणून पुढच्या वर्षी खेळच बंद करण्याची आपल्याकडे खोड आहे. तसे करू नका. आठवीच्या चार पोरी दहावीच्या पोरींबरोबर उतरवा. दहावीच्या गेल्या की त्या चार तयार असतील. हेच ते, ऊस लावतानाच जादा रोपे ठेवणे. ह्याला ना निधी लागतो, ना ठराव.

शेवटी

डेअरीवरच्या त्या मक्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चार शेतकऱ्यांपैकी एकाने रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी रान मोडले. पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, आणि पेरायला गेला तर परत वापसा नाही. एकाने काहीच केले नाही, दैवावर सोडले. त्याला जेमतेम जनावरांचा चारा मिळाला. तिसऱ्याने आणि चौथ्याने सरीसरीने फिरून झाडे मोजली. तिसऱ्याच्या रानात मूळ कुजले होते, त्याने मोडले आणि घेवडा केला. बरोबर केले. चौथ्याच्या रानात बरीच झाडे उभी होती. त्याने आठवड्याच्या आत नवराबायकोने मिळून वाकून वाकून नांगे टोकले. त्याला विक्रमी पीक आले असे मी म्हणणार नाही. पण सोसायटीचे कर्ज फिटले आणि दिवाळीला घरात कपडे आले.

मोडणारा तिसरा शहाणा ठरला आणि मोडणारा पहिला फसला. दोघांनी केले तेच, पण एकाने मोजून केले आणि एकाने चिडून.

हॉकीच्या मैदानावर आपल्या जिल्ह्याच्या पोरी ज्या दिवशी हरतील, त्या दिवशी पारावर बसून "सगळ्या बदला" असे म्हणायला कुणाला बंदी नाही. फक्त म्हणायच्या आधी सरी धरून एकदा चालून बघा. किती झाडे उभी आहेत ते मोजा. आणि नांगा दिसलाच तर तो भरायला तुमच्या गावातून एखादे रोप तयार आहे का, हे स्वतःला विचारा.